दोघांच्या मधलं दुकान

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला दोन शेजारी होते आणि ते सख्खे भाऊ होते. पूर्वेला थोरल्याचं धान्याचं दुकान, पश्चिमेला धाकट्याचं कापडाचं. दोघंही आमचे मालक. त्यांच्या वडिलांनी ती सगळी इमारत बांधली होती आणि मधला गाळा मिरजेकडून पोट भरायला आलेल्या माझ्या आजोबांना भाड्यानं दिला होता. वडील गेल्यावर भावांनी सगळ्याची वाटणी केली. घर वाटलं, शेती वाटली, देवघरातली भांडी वाटली, फक्त मधला गाळा वाटता आला नाही.

त्याचं कारण मागचं परसू. परसात बन्नीचं झाड होतं, मराठी मुलखात ज्याला शमी म्हणतात ते. झाडाभोवती दगडी कट्टा आणि कट्ट्यावर त्या घराण्याचा देव. परसात जायला वाट एकच, ती आमच्या दुकानातून, खिळ्यांच्या पेट्या आणि साखळदंडांच्या मधल्या अरुंद बोळातून. देव दोघांचा, झाड दोघांचं, म्हणून बोळ दोघांचा, आणि बोळात आम्ही.

मला आठवतंय ते पहिलं भांडण मी कॉलेजात असतानाचं. थोरल्यानं धाकट्याची मान धरून त्याचं डोकं आमच्या शटरवर आपटलं. एकदा नाही, शटरचा पत्रा आत गेला तोवर. धाकट्यानं सुटका होताच खाली पडलेला फरशीचा तुकडा उचलून थोरल्याचे पुढचे दात पाडले. मी काउंटरमागं उभी होते. माझ्या चुडीदारावर रक्ताचे शिंतोडे आले आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, दोघांनाही पाणी द्यायला धावले. तांब्या एक, पेले दोन. कुणाला आधी दिलं असं होऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांत दोन पेले धरून एकाच वेळी पुढं केले. थोरल्यानं चूळ भरली ती आमच्या उंबऱ्यावर.

मी चिडून म्हणाले, "अप्पा, पोलिसांना बोलवा."

"गप बस गं," अप्पा म्हणाले. "आपण दोघांच्या मधी हाय म्हणून इथं हाय. एकाच्या अंगावर पडलो की दुसरा आपल्याला पुसून टाकतोय."

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की ते ऐकताच माझं डोकं उठायचं. मी मुळातच तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावरचा राग कधी उतरतच नाही. असेल. पण ज्या घरात बाप सतत दोन्हीकडं मान डोलावतो, त्या घरात कुणीतरी नाही म्हणायला शिकावंच लागतं.

एम. ए. झाल्यावर मी धारवाडला एम. फिल. ला नाव घातलं. विषय राज्यशास्त्र. आमच्या सरांनी मला प्रबंधासाठी तुर्कस्तानचं परराष्ट्र धोरण दिलं. मला रशिया हवा होता. सर म्हणाले, "मोठ्यांचं धोरण सगळेच अभ्यासतात. जो मधे उभा असतो त्याचं बघा. त्याला रोज सकाळी उठून ठरवावं लागतं की आज कुणाकडं तोंड करायचं." मी हिरमुसले होते, पण नकाशा उघडला आणि हसू आलं. एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला आशिया, आणि मधून जाणारी पाण्याची चिंचोळी वाट. काळ्या समुद्रात ज्याला जायचं त्याला तिथूनच जायला हवं. म्हणजे आमचा बोळ.

बसनं धारवाडहून परत यायचं, दुकानात डबा खायचा आणि अप्पांना तुर्कस्तान सांगायचा, असं सुरू झालं. अप्पा सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांना गोष्ट फार आवडली. त्या सामुद्रधुनीबद्दल मोठ्या देशांनी करार केलाय, मी सांगितलं. व्यापारी जहाजं कधीही जाऊ शकतात, लढाऊ जहाजांवर बंधनं आहेत, आणि तुर्कस्तान स्वतः युद्धात असला किंवा त्याला युद्धाचा धोका वाटला तर कुणाला सोडायचं ते तोच ठरवतो.

अप्पांनी घास तोंडाशी थांबवला. "आन् हे दोघं मान्य करालेत?"

"कोण दोघं?"

"पूर्वेकडचा आन् पश्चिमेकडचा."

"करतात. कारण वाट बंद झाली तर दोघांचंही नुकसान."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी आमच्या बोळासाठी करार काढला. सकाळी थोरल्याच्या घरच्यांनी पूजेला जायचं, दुपारनंतर धाकट्याच्या. बोळातून लोखंड न्यायचं नाही, काठी न्यायची नाही, हमाल न्यायचे नाहीत. फूल, नारळ, तेल, बास. दोघा भावांना त्यांनी वेगवेगळं बोलावून हे कन्नडमध्ये सांगितलं आणि दोघंही हो म्हणाले, कारण प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याला अडवलंय. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मी तुर्कस्तानपेक्षा आमच्या दुकानावरच प्रबंध लिहावा म्हणून सरांच्या मागं लागले होते.

त्याच सुमाराला हुबळीत जुन्या इमारती पाडून कॉम्प्लेक्स उठायला लागले. देशपांडेनगरमध्ये एक झालं, मग स्टेशनकडं, मग सगळ्यांनाच तसं हवं वाटू लागलं. थोरल्याच्या डोक्यात ते शिरलं. तिन्ही दुकानं आणि परसू मिळून जागा मोठी होते, पाडून चार मजले चढवायचे. धाकटा नको म्हणाला. झाड तोडून, देव हलवून, वाडवडिलांच्या कट्ट्यावर जिना बांधून मला काही मिळवायचं नाही, असं तो सरळ बाजारात उभा राहून म्हणाला.

धाकटा आमचा लाडका होता. लहानपणी तो शाळेतून थेट आमच्या दुकानात यायचा, खिळे आकारानुसार वेगळे करत बसायचा. त्याला मराठी वाचायला अप्पांनी शिकवलं, जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्यांवर. तो अप्पांना काका म्हणायचा आणि मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. माझ्या लग्नात काय साडी द्यायची हे त्यानं मी शाळेत असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. थोरल्याशी आमचं नातं नमस्कारापुरतं. तो माझ्याकडं बघायचा तेव्हा मला वाटायचं, हा गाळा किती फूट रुंद आहे हे मोजतोय.

तरी अप्पांनी धाकट्याची बाजू घेतली नाही. थोरला विचारायला आला तेव्हा ते म्हणाले, "मालक, तुमी दोघं ठरवा, मी भाडेकरू." धाकटा आला तेव्हाही अक्षर न बदलता तेच. धाकट्याचा चेहरा पडलेला मला दिसला.

मग मारामाऱ्या वाढल्या. धाकट्याच्या दुकानासमोर लावलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर भर दुपारी कुणीतरी रॉकेल ओतून काडी टाकली. जळणारं टेरिकॉट वितळून रस्त्यावर ठिबकत होतं आणि एका हातगाडीवाल्याच्या पायाला चिकटलं. त्याची कातडी चप्पलसकट निघाली. तो ओरडत होता ते आम्ही दुकानात बसून ऐकलं. दोन दिवसांनी थोरल्याच्या वखारीतल्या एका हमालाला चौघांनी धरून गुडघे फोडले. तो अळणावरकडच्या खेड्यातला, शेतात काम नसलं की बाजारात ओझी उचलायला यायचा. त्याचं कुणाशी काही नव्हतं. त्याची बायको आली आणि दोन्ही दुकानांसमोर उभी राहून शिव्या देऊन गेली. आमच्याकडं तिनं बघितलंही नाही, आणि मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

त्याच काळात गावातही दंगलीचं धुमसत होतं. कधीही दगड यायचे, कर्फ्यू लागायचा, पोलिसांच्या गाड्या बाजाराच्या तोंडाशी उभ्या असायच्या. एकदा सकाळी बाजार भरलेला असतानाच पळापळ झाली. गोळीबाराचे आवाज आले. अप्पांनी दोन्ही बाजूंना हाका मारल्या. थोरला, त्याची बायको, धाकटा, त्याची पोरं, सगळे आमच्या बोळातून परसात पळाले आणि झाडाखाली दाटीवाटीनं बसले. बाहेर कुणीतरी शटरं तोडत होतं. आत थोरल्याच्या बायकोनं धाकट्याच्या पोरांना जवळ घेतलं होतं आणि धाकटा थोरल्याच्या पाठीशी पाठ लावून बसला होता. संध्याकाळी पोलिसांनी बाहेर काढलं. चार दिवसांनी कर्फ्यू उठला आणि पहिल्याच तासाला थोरल्यानं धाकट्याच्या दुकानाची पाटी कुऱ्हाडीनं खाली पाडली.

"हे कसं हो अप्पा?" मी विचारलं.

"बाहेरचा मारायला लागला की घरचे एक होतेत," अप्पा म्हणाले. "बाहेरचा गेला की झालं." ते वाकून पाटीच्या पत्र्याचे तुकडे गोळा करत होते. त्यांनी ते दोघांच्याही दारात न टाकता आमच्याच मोडीत टाकले.

त्या वर्षी माझा प्रबंध दुसऱ्या महायुद्धापर्यंत आला होता. तुर्कस्तान त्या युद्धात जवळजवळ शेवटपर्यंत तटस्थ राहिला. त्याच्याकडं क्रोम होतं, तोफा आणि रणगाड्यांच्या पोलादासाठी लागणारं, आणि त्यानं ते दोन्ही बाजूंना विकलं. मी हे वाचलं आणि पुस्तक बंद करून सरळ दुकानात आले. कारण आदल्याच दिवशी मी बघितलं होतं, थोरल्याचा मुनीम लोखंडी नळ्या घेऊन गेला आणि तासाभरात धाकट्याचा माणूस तसल्याच नळ्या घेऊन गेला. नळ बसवायला कुणी इतक्या आखूड नळ्या कापून घेत नाही.

"तुम्ही क्रोम विकालाय," मी म्हणाले.

अप्पांना कळलं नाही, मग मी समजावून सांगितलं, जरा मोठ्यानंच. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

"मग काय करू?" अप्पा म्हणाले. "एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणू?"

"दोघांनाही नाही म्हणा!"

"हार्डवेअरच्या दुकानात लोखंड नाही म्हणू?" ते हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "त्या तुर्कस्तानचं शेवटी काय झालं? गप्पच बसला?"

"नाही. अगदी शेवटी, कोण हरणार ते सगळ्यांना दिसायला लागल्यावर, त्यानं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं."

"म्हणजे शेवटी बोलला."

"काय उपयोग? उशिरा बोलला."

"बोलला की न्हाई?" अप्पा म्हणाले आणि नळी कापायला वळले.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. ज्याचं जे पोटाचं साधन, ते धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून मांडायचं. त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याला पुन्हा पूजा करून ते उचलायचं आणि एकदा वापरायचं, म्हणजे वर्षाचा मुहूर्त होतो. मालकांच्या घरची ही पूजा परसात, बन्नीच्या कट्ट्यावर, दोन्ही घरं मिळून करायची. वर्षातून तेवढा एकच दिवस करार बाजूला ठेवून दोघांना बोळ एकाच वेळी उघडा असायचा आणि लोखंडही आत जायचं. पूजेला लोखंड नको असं कोण म्हणणार?

त्यात आमचाही एक मान होता. वाटणीनंतर आजोबांनी पाडलेला रिवाज, की भाडेकरूनं खंडेनवमीला दोन्ही घरांना एकेक नवं हत्यार द्यायचं. क्रम ठरलेला. एका वर्षी विळा, पुढच्या वर्षी कुदळ, मग पहार, मग पुन्हा विळा. दोन्ही नग अगदी सारखे हवेत. अप्पा ते तराजूच्या दोन पारड्यांत घालून बघायचे आणि काटा जरा जरी कलला तरी दुसरा नग शोधायचे.

त्या वर्षी पहारीची पाळी होती.

मी म्हणाले, "अप्पा, या वर्षी पहार देऊ नका. विळा द्या. काहीही द्या."

"पाळी पहारीची हाय."

"माणसं एकमेकांचे गुडघे फोडालेत आणि तुम्ही त्यांना पहारी वाटालाय?"

"पाळी मोडली तर दोघंबी विचारतील, कुणाला भिऊन मोडली? काय सांगू?" आणि त्यांनी दोन पहारी पारड्यात ठेवल्या. एक जरा जड निघाली. त्यांनी ती बदलली. काटा मधे उभा राहिला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते बघून मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

दसऱ्याला दुपारी परसात पूजा झाली. नारळ फुटला. दोन्ही घरं झाडाच्या दोन बाजूंना, मधे अप्पा, आणि बोळाच्या तोंडाशी मी, हातात पानसुपारीचं तबक. रिवाजाप्रमाणं थोरल्यानं आपलं हत्यार आधी उचलायचं. त्यानं विळा उचलला नाही, तराजू उचलला नाही. त्यानं आमची नवी पहार उचलली, कपाळाला लावली आणि कन्नडमध्ये शांतपणे म्हणाला, "दिवाळीनंतर इमारत पाडणार. आज मुहूर्त करतो." आणि त्यानं ती पहार कट्ट्याच्या दगडावर घातली.

दगडाची कपची उडाली, दिवा विझला. धाकट्याला आईसारखं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आत्यानं हंबरडा फोडला. धाकट्यानं दुसरी पहार उचलली.

अप्पा मधे गेले. ते मधे गेले म्हणजे काय, ते मधेच होते, फक्त एक पाऊल पुढं झाले. दोन्ही हात दोघांकडं पसरले, त्या पहिल्या भांडणात पेले धरले होते तसे. धाकट्याची पहार वरून येत होती ती थोरल्यासाठी, पण ती अप्पांच्या उजव्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज लाकूड मोडल्यासारखा असतो. अप्पा गुडघ्यावर आले तरी डावा हात वर करून थोरल्याला पाठीशी घालत राहिले.

धाकटा थांबला. त्यानं बघितलं, कुणाला लागलंय ते. त्यानं नीट बघितलं. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते म्हणून सांगते.

"काका, बाजूक सरि," तो म्हणाला. बाजूला सर.

अप्पा सरले नाहीत. आणि त्यानं पुन्हा पहार उचलली आणि त्याच खांद्याच्या खाली, दंडावर घातली.

मग मला फक्त तुकडे आठवतात. तबक माझ्या हातातून गेलं. मी दुकानात धावले, काउंटरवरचं किलोचं वजन उचललं आणि धाकट्याच्या डोक्याच्या दिशेनं फेकलं. ते त्याच्या कानाला घासून झाडाच्या खोडात बसलं. नेम चुकला याचं मला आजही वाईट वाटतं. थोरला तोवर बोळातून पळाला होता. धाकटा कट्ट्यावर बसला होता आणि अप्पांच्या सदऱ्याची बाही लाल होत होत काळी पडत गेली.

दवाखान्यात हात कापावा लागेल म्हणाले, मग कापावा लागणार नाही म्हणाले. हात राहिला, त्यातला जीव गेला. खांद्यापासून तो नुसता लोंबायचा. ज्या हातानं अप्पा मूठभर खिळे उचलून अंदाजानं पावशेर सांगायचे, त्या हाताच्या बोटावर माशी बसली तरी त्यांना कळायचं नाही.

पोलीस आले. थोरला त्यांच्या आधी येऊन बसला होता. सफरचंदं घेऊन. त्यानं अप्पांच्या कानाशी वाकून सांगितलं की धाकट्याचं नाव घ्या, कॉम्प्लेक्समधे रस्त्याकडचा गाळा तुमचा. धाकटा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

"कुणी मारलं?" पोलिसानं विचारलं.

"गर्दी होती," अप्पा म्हणाले. "पूजेची पहार कट्ट्यावरनं घसरली."

"दोनदा घसरली?" मी ओरडले. मी पोलिसाला सगळं सांगितलं, पहिला घाव, दुसरा घाव, काय बोलला ते. त्यानं लिहून घेतलं. मग अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "ती आत दुकानात होती, साहेब. तिनं काही बघितलं न्हाई." ज्याला लागलं तोच नाही म्हणतो म्हटल्यावर पोलिसाला काय, तो निघून गेला. परसातल्या दोन्ही पहारी कुणीतरी धुऊन कट्ट्यावर ठेवल्या होत्या. दोन्ही सारख्या, जराही फरक नाही. कोणती कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

त्या दिवशी मी अप्पांशी भांडले. जखमी माणसाशी भांडू नये एवढं मला कळत होतं, तरी भांडले.

"तुम्ही त्याला वाचवलं."

"त्याचा पहिला घाव चुकून लागला गं."

"आणि दुसरा?"

अप्पांनी छताकडं बघितलं. पंखा फिरत होता. मी पुन्हा विचारलं, रडत विचारलं, नर्सनं मला बाहेर काढेपर्यंत विचारत राहिले. व्हरांड्यातून जाताना धाकटा "तंगी" म्हणाला. मी त्याच्या अंगावर थुंकले.

नंतरचं वर्ष मला नीट आठवतं, कारण मी प्रबंध सोडून दुकानात उभी राहिले. इमारत पाडायचं मागं पडलं होतं. झाल्या प्रकारानं थोरला जरा दबला होता. दुकान तसंच मधे, शेजारी तसेच दोन्हीकडं. अप्पा डाव्या हातानं वजन करायला शिकले, शटर ओढायला शिकले, जेवायला मात्र त्यांना फार लाज वाटायची. आणि एक गोष्ट त्यांनी कधीच केली नाही. आपल्यात डाव्या हातानं कुणाला काही देत नाहीत. दिलं तर तो अपमान, घेणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखा. म्हणून अप्पा डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरायचे, तो मेलेला हात उचलून पुढं करायचे, त्याच्या तळव्यावर खिळ्यांची पुडी ठेवलेली असायची, आणि गिऱ्हाईक ती उचलून घ्यायचं. चार आण्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, मागायला आलेल्या पोरालाही ते तसंच द्यायचे. वेळ लागायचा. माझा जीव वरखाली व्हायचा. मी म्हणायचे, "अप्पा, काउंटरवर ठेवा की." ते म्हणायचे, "हातात द्यावं माणसाच्या." वर्षभर त्या बाजारात एकालाही अप्पांच्या डाव्या हातातून काही मिळालं नाही, हे सगळा दुर्गदबैल जाणून होता.

पुढचा दसरा आला. कट्ट्याची फुटलेली कड तशीच होती. त्या वर्षी विळ्यांची पाळी होती. अप्पांनी विळे दिले नाहीत. पाळी मोडली, आणि कुणाला भिऊन मोडली हे कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी मात्र बन्नी द्यायची होतीच. महाराष्ट्रात आपट्याची पानं देतात, आमच्याकडं बन्नीची. लहानानं मोठ्याच्या पाया पडायचं, पानं द्यायची, मोठ्यानंही द्यायची, आणि म्हणायचं, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू. वर्षभराची भांडणं त्या पानांवर मिटतात, निदान मिटली असं धरून चालतात. वैरी आला तरी बन्नी नाकारत नाहीत.

अप्पा दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर पानांचा ढीग. मी मागं उभी होते. सगळा बाजार रांगेनं येत होता, कापडवाले, हमाल, हातगाडीवाले. त्यात गुडघे फोडलेला तो अळणावरकडचा हमालही होता, काठी टेकत आलेला. प्रत्येकाला अप्पा उजवा हात उचलून पानं देत होते आणि ते वाक्य म्हणत होते. घामानं त्यांचा सदरा भिजला होता.

थोरला आला. मला वाटलं, याला काय देताय. अप्पांनी डाव्या हातानं मनगट धरलं, उजवा हात उचलला, पानं पुढं केली. "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण, मालक." थोरल्यानं पानं घेतली आणि मान खाली घालून बाजूला झाला.

मग धाकटा आला. वर्षभर तो आमची पायरी चढला नव्हता. त्यानं वाकून अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. आजूबाजूला बाजार थांबला होता. कोणत्या पहारीनं अप्पांचा हात गेला हे तोपर्यंत बाजारात कुणीच मोठ्यानं बोललं नव्हतं. त्यानं उजवा हात पुढं केला, पानांसाठी.

अप्पांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तो मांडीवर पालथा पडला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. डाव्या हातानं पानं उचलली आणि डावाच हात धाकट्यापुढं धरला. ते वाक्यही म्हटलं नाही.

दवाखान्यात मी रडत रडत विचारलं होतं, आणि दुसरा? त्याचं उत्तर असं, सगळ्यांसमोर, वर्षानं आलं.

धाकट्याला कळलं. "काका," तो मराठीत म्हणाला, अप्पांनीच शिकवलेल्या मराठीत, "उजव्या हातानं द्या की हो."

अप्पा म्हणाले, "त्यो तुझ्याकडंच हाय."